दिवाळं निघायची वेळ आणि गाडी बिघडली!

हप्ते थकलेत, बँकेचे फोन येताहेत आणि नेमकी आताच गाडी बंद पडली? एक्स्चेंज ऑफरला भुलू नका. नवी गाडी म्हणजे पुढची ५ ते ७ वर्षं नवे हप्ते.

आधी दोन गॅरेजमधून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. बॅटरी, क्लच किंवा टायर बदलणं बहुधा परवडतं. पण इंजिन, गिअरबॉक्सचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर ती विकायचा विचार करा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फेडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यावा लागेल.

गाडीवर रोजीरोटी चालत असेल, तर दुरुस्त करा. नसेल, तर काही महिने बसने जा. लोक काय म्हणतील याची काळजी नको. तुमचे हप्ते काही लोक भरणार नाहीत!