शटर उघडं असताना

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राला विचारून घालावी लागते. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्याच्या जवळ हे देऊळ आहे. टेकडीवरून दोन कड्यांच्या मधल्या पायऱ्या उतरल्या की वाट खडकाच्या सपाट ओट्यावर येते आणि टेकडीला वळसा घालून पुन्हा देवळाकडे वळते. ओहोटीला हा ओटा मोकळा असतो. भरतीला त्यावर लाटा फुटतात. त्यामुळे भाविक असोत की गळ्यात कॅमेरा अडकवून आलेले, दोघांनाही आधी एकच चौकशी करावी लागते: आज पाणी किती वाजता उतरतं?

उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं. कोकणात जुना हिशेब आहे. त्या दिवशीच्या तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो भरतीचा तास, सकाळीही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमी असेल तर सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यात अर्धापाऊण तास इकडचा तिकडे होतो, पण होडी लोटायला तेवढं पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही आकाशात रोज तेवढाच मागे पडतो. ही पन्नास मिनिटं तोंडी गणितात बसवण्यासाठी कुणीतरी त्यांची पंचेचाळीस करून टाकली, आणि झाला पाऊण तास.

आता या हिशेबातून फोटोग्राफरसाठी काय निघतं ते पाहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. हेच उधाणाचे दिवस. पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं. याचा अर्थ असा, की आपल्या किनाऱ्यावर वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी जवळजवळ नेहमी सूर्य उगवताना किंवा मावळताना येते! उजेड सोनेरी असतो त्याच वेळी समुद्र आपला तळ उघडा करून ठेवतो, आणि पौर्णिमा असेल तर पाठीमागून चंद्र वर येत असतो. उलट अष्टमीला, भांगाच्या दिवसांत, सूर्यास्ताला पाणी भरलेलं असतं आणि वाळूची पट्टी अरुंद. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा फार मोठा सौदा पदरात पडल्यासारखं वाटलं. हा योगायोग सगळीकडे जुळत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. भरतीची लाट महासागराच्या खोलगटात फिरत फिरत येते, आणि चंद्र माथ्यावर आल्यानंतर ती किती वेळाने पोहोचेल हे प्रत्येक बंदराचं वेगळं, पण ठरलेलं असतं. हाच हिशेब पूर्व किनाऱ्यावर नेला तर फसगत होईल.

आपण म्हणतो, समुद्राचा फोटो काढला. खरं तर जागा फार थोडी येते त्यात. पाणी, आकाश, एखादा खडक. येते ती वेळ, आणि तीही एक नाही. एकाच चौकटीत आठ-दहा घड्याळं आपापल्या गतीने चाललेली असतात. तिथीचं घड्याळ झालं. आता लाटेचं.

पावसाळा सोडून इतर दिवसांत, वारा पडलेला असतानाही, ओट्यावर मधूनच एक लांबट, भारदस्त लाट येते. दोन लाटांमध्ये चौदा-पंधरा सेकंद जातात. इथल्या वाऱ्याने उठवलेली लाट ही नव्हे, तिची धाव आखूड असते. ही आलेली असते विषुववृत्ताच्या पार दक्षिणेकडून, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या खालच्या वादळी समुद्रातून. अशा लाटांचा जथा खोल पाण्यात ताशी चाळीसेक किलोमीटरने सरकतो, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. इथवर यायला त्याला आठवडा लागतो. पाणी स्वतः एवढा प्रवास करत नाही, ते जागच्या जागी गोल फिरून परत येतं. प्रवास करते ती ऊर्जा. पायाशी फुटणाऱ्या लाटेचं वादळ बहुधा केव्हाच विरलेलं असतं. फोटो निघतो तो त्याच्या मागे उरलेल्या हालचालीचा.

या लाटा जथ्याने येतात. दहा मिनिटं सगळं शांत, आणि मग लागोपाठ तीन-चार थोराड. किंचित वेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळल्या, की कुठे त्यांचे माथे जुळतात आणि कुठे एकमेकींना मारतात, म्हणून असं होतं. दर्यावर जाणारा माणूस आधी उभा राहून पाहतो, मग पाऊल टाकतो. कॅमेरेवाल्यांना एवढा धीर नसतो. ते शांततेच्या दहा मिनिटांत ट्रायपॉड रोवतात आणि समुद्राकडे पाठ करतात. हरिहरेश्वरच्या ओट्यावर असं करू नये.

मग येतं शटरचं घड्याळ. ते एक हजारांश सेकंद उघडलं तर फुटलेल्या लाटेचा थेंब न् थेंब काचेचा होतो. अर्धा सेकंद उघडलं तर परतणारं पाणी वाळूवर पांढऱ्या रेघा ओढतं. तीस सेकंद उघडं ठेवलं तर लाटाच नाहीशा होतात आणि खडकांभोवती धुकं उरतं. उजेडात एवढा वेळ शटर उघडं ठेवायचं, तर लेन्सपुढे काळी काच लावावी लागते. दहा स्टॉपची काच प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करते, म्हणजे एक तीसांश सेकंदाचं काम अर्ध्या मिनिटाचं होतं. ते धुकं खोटं नसतं. त्या अर्ध्या मिनिटात आलेल्या-गेलेल्या प्रत्येक लाटेचा उजेड त्यात साठलेला असतो, आणि खडक स्पष्ट येतो तो केवळ हलला नाही म्हणून. आपल्या डोळ्याला हे जमत नाही, तो मंद प्रकाशातही फार तर दशांश सेकंदाचा उजेड एकत्र करतो. तरीही मला स्वतःला अर्धा सेकंद आवडतो. दुधाळ पाण्याचे फोटो आता इतके झालेत, की कोणता किनारा कोणता ते कळेनासं झालंय. अर्ध्या सेकंदात पाण्याचा स्वभाव शिल्लक राहतो: ते कुठून आलं, कशाला अडलं, कोणत्या बाजूने निसटलं.

वेळेशी झालेली ही झटापट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळी फोटो ज्यांवर उमटे त्या ओल्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील असत. समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक होऊन जाई. त्याने काय करावं? आकाशाची एक काच, समुद्राची दुसरी, आणि छापताना दोन्ही क्षितिजावर जोडून दिल्या. कधीकधी त्याच ढगांची काच त्याने वेगवेगळ्या समुद्रांवर वापरली. लोक थक्क झाले. खाली एका दिवसाचं पाणी आणि वर भलत्याच दिवसाचे ढग! मोबाईल हल्ली एकाच दाबात कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन एकत्र शिवतो, तेव्हा तो ल ग्रेचंच काम काही क्षणांत उरकत असतो.

सूर्याचं घड्याळ तर सरळसरळ फसवतं. क्षितिजाला टेकलेला सूर्य आपण पाहतो, तेव्हा तो खरा क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेचे थर प्रकाशाला वाकवतात आणि बिंब अर्ध्या अंशाहून थोडं अधिक वर उचलून दाखवतात. बिंबाची रुंदीही अर्ध्या अंशाच्या आसपास. म्हणजे अख्खा सूर्य उसना. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून तो चपटाही दिसतो. तो प्रकाश सूर्यावरून निघून आठ मिनिटं झालेली असतात, ही आणखी एक गंमत. टेकण्यापासून बुडेपर्यंत आपल्याकडे जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात. सूर्य जवळजवळ उभा खाली जातो, त्यामुळे उत्तर युरोपासारखा रेंगाळणारा संधिप्रकाश आपल्या वाट्याला येत नाही. एप्रिलमध्ये तर धुरकट हवा बिंबाला क्षितिजापर्यंत पोहोचूच देत नाही, ते अधांतरीच विरतं. सूर्य पाण्यात बुडतानाच पाहायचा असेल तर पावसाने हवा धुऊन टाकल्यावर, ऑक्टोबरात जावं.

सूर्य गेल्यावर सगळे निघतात. त्याच वेळी खाली पाहावं. ओसरत्या पाण्यामागे वाळूवर जी पातळ ओल राहते ती आकाश जसंच्या तसं दाखवते, आणि कॅमेरा जितका खाली आणावा तितका आरसा लख्ख होत जातो. त्या ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडते. दाबलेली वाळू ओली व्हायला हवी, ना? ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये याचं कारण सांगितलं. घट्ट बसलेले कण दाबाखाली एकमेकांवर चढतात, त्यांच्यातली पोकळी वाढते आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. जरा वेळाने पाऊल उचललं की ठशात पाणी साचतं. मुलांना हे दाखवावं. मोठ्यांनाही.

थोडं वर, पाणी आधीच हटलेल्या पट्ट्यात, मण्याएवढे खेकडे कामाला लागलेले असतात. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची. बिळाभोवती गोळ्यांची किरणांसारखी नक्षी उमटते आणि पुढच्या भरतीत पुसली जाते. हेही सहा तासांचं घड्याळच.

आणि ओट्यापाशी कड्याच्या अंगावर सगळ्यात संथ घड्याळ. हरिहरेश्वरचा पाषाण दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत, ती मिठाने. तुषारांचं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून कण ढकलून देतात. एकदा खळगा पडला की तो सावलीत ओलसर राहतो, म्हणून तिथेच झीज चालू राहते आणि मधल्या भिंती उरतात. दुपारी हे सपाट दिसतं. संध्याकाळचा तिरका उजेड आला की प्रत्येक खळग्याची सावली उठून येते.

एडवर्ड वेस्टन हा अमेरिकन फोटोग्राफर १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉइंट लोबोस या अशाच खडकाळ टोकाजवळ राहायला आला. तिथले खडक, सायप्रसची मुळं, वाळूत पडलेलं समुद्री शेवाळ तो पुन्हा पुन्हा टिपत राहिला. पुढे त्याला पार्किन्सनचा आजार झाला. १९४८ मध्ये त्याने शेवटचा फोटो काढला तो तिथल्याच खडक-गोट्यांचा. निसर्गाने माणसाला काय दिलं, हे विचारणाऱ्यांना मी वेस्टन दाखवते. त्याला दृश्य हवं असतं तर ते दोन-चार वर्षांत संपलं असतं. त्याला हवी होती ओळख, आणि एका किनाऱ्याची ओळख व्हायला आयुष्य पुरत नाही. फिरत्या यादीतले वीस किनारे पाहून आलेल्या माणसापेक्षा एकाच खडकाची उधाणातली आणि भांगातली रूपं जाणणाऱ्याला समुद्र अधिक कळलेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो नेमका उलट्या टोकाला गेला. १९८० पासून त्याने जगभरचे समुद्र एकाच पद्धतीने टिपले. कृष्णधवल, क्षितिज बरोबर मधोमध, वर हवा, खाली पाणी, बाकी काही नाही. आदिमानवाने पाहिलं तेच दृश्य आज आपल्याला पाहता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. जमीन बदलली, डोंगर झिजले, समुद्राची रेघ तीच. त्या फोटोंत तारीख दिसत नाही, आणि ते पाहताना आपलीही थोडा वेळ गळून पडते.

पण सुगिमोतोने क्षितिजाकडे पाहिलं, पायाशी नाही. कोकणात कुठल्याही वाळूवर भरतीने ओढलेली शेवटची रेघ पाहा: सुरूच्या काड्या, शिंपले, जाळ्याचा निळा तुकडा, बाटलीचं झाकण आणि हमखास एक चप्पल, एकाच पायाची. बहुतेक जण ती चौकटीबाहेर ठेवायला दोन पावलं सरकतात. या सगळ्या घड्याळांत साल सांगणारं तेवढं एकच. मी ती आत घेते. मग उचलून कचऱ्यात टाकते, पण फोटो काढून झाल्यावर.