एमटीआरएफ१एल जीन
मानवाच्या सहाव्या गुणसूत्रावरील एक जीन. कलकणूंतील (कोशिकेत ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील) प्रथिनसंश्लेषण योग्य ठिकाणी थांबविणारे विमोचक प्रथिन या जीनच्या संकेतानुसार कोशिकाद्रव्यात तयार होते व कलकणूत जाते.

कलकणूंच्या स्वतःच्या डीएनएवरून मानवात १३ प्रथिने तयार होतात. त्यांपैकी ११ प्रथिनांचे संदेश यूएए वा यूएजी या त्रिकाने (तीन क्षारकांच्या समूहाने) संपतात. रिबोसोम तेथे पोहोचताच विमोचक प्रथिन ते त्रिक ओळखते आणि पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने पूर्ण झालेली साखळी वाहक आरएनएपासून अलग होते. कोशिकाद्रव्यात समाप्तिदर्शक असलेले यूजीए हे त्रिक कलकणूत ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लाचे निदर्शक असते. विमोचक प्रथिनाने ते ओळखले असते, तर साखळ्या अर्धवटच तुटल्या असत्या.

उरलेल्या दोन संदेशांच्या शेवटी एजीए व एजीजी ही त्रिके येतात. यांपैकी एजीएने संपणाऱ्या सायटोक्रोम ऑक्सिडेजाच्या पहिल्या उपघटकाच्या विमोचनास एमटीआरएफ१ या सदृश जीनचे प्रथिन लागते. विमोचन न झाल्यास रिबोसोम अडकून पडतात, श्वसनसाखळीतील प्रथिने अपुरी पडतात व कोशिकेचा ऊर्जापुरवठा घटतो.