निवृत्तीची बचत: कर आज वाचवायचा की उद्या?

धाराशिव जिल्ह्यातल्या बऱ्याच गुरुजींचा प्रश्न असतो, ‘एनपीएस आहेच, त्यात स्वतःहून आणखी ५० हजार टाकू, की पोस्टात पीपीएफ काढू?’

आधी तुमची करप्रणाली बघा. जुनी असेल, तर दीड लाखाच्या मर्यादेपलीकडे एनपीएसवर या ५० हजारांची वेगळी वजावट मिळते. २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह १०,४०० रुपये वाचतात. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. सरकार आपल्या खात्यात भरतं, त्या १४ टक्क्यांवर मात्र दोन्हीकडं सूट आहे.

आता दुसरं टोक, म्हणजे पैसे हातात येतात तेव्हा काय? पीपीएफची मुदत १५ वर्षं. व्याजासकट सगळी रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्त. एनपीएसमध्ये निवृत्तीवेळी सरकारी नोकराला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम करमुक्त मिळते. उरलेल्या ४० टक्क्यांची पेन्शन घ्यावीच लागते, आणि त्या पेन्शनवर नेहमीसारखा कर लागतो.

म्हणजे नव्या प्रणालीत असाल, तर निव्वळ कर वाचवायला एनपीएसमध्ये जादा पैसे टाकू नका. पगारदाराला प्रणाली दरवर्षी बदलता येते. तेव्हा आधी दोन्हीकडचा हिशेब मांडा, मग खातं निवडा.