जुन्या साडीतून केसांसाठी रेशमी बंध

घाईच्या वेळी हाताला लागेल तो रबरबँड केसांना गुंडाळण्याची अनेकींना सवय असते. मात्र उघडे रबर केसांत अडकते आणि काढताना केस तुटतात. रोज घट्ट पोनीटेल बांधल्याने मुळांवर ताण येऊन कपाळ व कानशिलांजवळचे केस विरळ होऊ लागतात. हा ताण वेळीच थांबवल्यास केस सहसा पुन्हा येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास ही हानी कायमची ठरू शकते. यावरचा सोपा उपाय घरच्या कपाटातच आहे.

जुन्या रेशमी साडीचा २० इंच लांब व ४ इंच रुंद तुकडा कापावा. जरीचा काठ टाळावा, कारण जर केसांत अडकते. सुलट बाजू आत ठेवून तुकडा लांबीत दुमडावा व लांब कडेला टीप मारावी. तयार झालेली नळी सेफ्टी पिनेने उलटवून घ्यावी. त्याच पिनेने पाव इंच रुंद व ७ इंच लांब इलॅस्टिक आत ओवून त्याच्या टोकांना घट्ट गाठ मारावी. शेवटी नळीचे एक टोक दुसऱ्यात सरकवून हाताने टाके घालावेत.

आता कोरडे केस मानेजवळ एकत्र घ्यावेत, सैलसर पीळ देत अंबाडा वळावा आणि त्याभोवती हा बंध दोनदा फिरवावा. सणासुदीला वर मोगऱ्याचा गजरा माळला की झाले. ओले केस ताणले जाऊन सहज तुटतात, म्हणून ते बांधू नयेत. कपाळाची त्वचा ओढल्यासारखी वाटली, तर बंध लगेच सैल करावा.