मोठं डाइव्ह वॉच मनगटाला शोभेल का? पैसे देण्याआधी पट्टी आणि एटीएम कार्ड काढा

आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत घड्याळ असतंच, ही आपल्याकडची जुनी रीत. निकाह ठरला की नवरदेवाला घड्याळ, मुलाला पहिली नोकरी लागली की घड्याळ, अब्बा रिटायर झाले की घड्याळ. पूर्वी हे घड्याळ पातळ आणि सोनेरी कडेचं असायचं. आता तरुण मुलांची फर्माईश बदलली आहे. त्यांना जाड, काळ्या डायलचं, कडेला आकड्यांचं फिरतं कडं असलेलं घड्याळ हवं असतं. पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी निघालेलं हे घड्याळ, म्हणजेच डाइव्ह वॉच.

अडचण अशी की हे घड्याळ बहुतेक वेळा फोटो बघून घेतलं जातं. दुबईत किंवा दम्मामला असलेला भाऊ दुकानातून फोटो पाठवतो, इकडून "मस्त आहे, घे" असं उत्तर जातं. मग घड्याळ घरी येतं आणि हातावर ताटली ठेवल्यासारखं दिसतं. भावाने ओव्हरटाइम करून घेतलेलं असतं, त्यामुळे "नको" म्हणायला जीभ रेटत नाही. समुद्रापलीकडच्या दुकानात जाऊन बदलून आणणंही जमत नाही. शेवटी ते डबीसकट कपाटात जातं. पैसा वाया जातो, आणि तोहफा देणाऱ्याचं मनही खट्टू होतं.

हे टाळणं अवघड नाही. मोठं घड्याळ आपल्या मनगटाला बसेल की नाही, हे घरीच दहा मिनिटांत ठरवता येतं. ते कसं, हेच आम्ही इथे सांगत आहोत.

ही घड्याळं इतकी मोठी का?

आपल्या अब्बा-आजोबांच्या हातावरचं एचएमटी जनता आठवा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत एचएमटीची घड्याळं बनायला लागली. जनता मॉडेलचा व्यास साधारण ३५ मिमी. आज दुकानात मिळणारी डाइव्ह वॉच ४२ ते ४५ मिमीची सहज असतात, काही त्याहूनही मोठी.

याला कारण आहे. गढूळ पाण्यात, अंधारात एका नजरेत वेळ कळायला हवी, म्हणून काटे आणि खुणा ठसठशीत. खोल पाण्याचा दाब सोसायला काच जाड आणि धातूचं घरही जाड. शिवाय पाणबुड्या हे घड्याळ उघड्या मनगटावर नाही, तर रबरी सूटच्या बाहीवरून बांधतो. जाड बाहीवर मोठं घड्याळ मोठं वाटत नाही.

जपानच्या सेको कंपनीचं उदाहरण बघा. १९६८ साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातून एका व्यावसायिक पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिलं, की ३०० मीटरपेक्षा खोल कामाला तुमची घड्याळं टिकत नाहीत. कंपनीने सात वर्षं खपून १९७५ साली ६०० मीटर खोलीचं टायटॅनियमचं घड्याळ काढलं. त्याचा व्यास साधारण ५१ मिमी. आकारावरून लोकांनी त्याला "टूना कॅन" म्हणजे माशाचा डबा असंच नाव पाडलं. त्या पाणबुड्याला त्या आकाराची गरज होती. ऑफिसात, दुकानात किंवा लग्नात मिरवणाऱ्याला ती नसते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मोठं असेल तरच खरं डाइव्ह वॉच, असं काही नाही. या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. किमान १०० मीटर खोली, लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाची चाचणी, अंधारात २५ सेंमीवरून वेळ दिसणं, अशा अटी त्यात आहेत. घड्याळ अमुक इतकं मोठं हवं, अशी अट नाही. १९५३ सालचं पहिलं रोलेक्स सबमरीनर ४० मिमीपेक्षाही लहान होतं. २०२३ साली आलेलं ट्यूडरचं ब्लॅक बे ५४ फक्त ३७ मिमीचं आहे, आणि तरी २०० मीटरचं. म्हणजे बारीक मनगटवाल्याने हा शौक सोडायची गरज नाही, फक्त माप बघून घ्यायचं.

व्यास नाही, लांबी विचारा

दुकानदार आणि जाहिराती घड्याळाचा व्यास सांगतात. हा आकडा चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. मनगटावर बसतं की नाही हे ठरवणारा आकडा वेगळा आहे.

घड्याळ सरळ समोर धरा. वर दोन आणि खाली दोन असे चार पाय दिसतील, त्यांतच पट्टा अडकवलेला असतो. त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंत जे अंतर, ती घड्याळाची खरी लांबी. ही लांबी मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त झाली, की लगची टोकं दोन्ही बाजूंनी हवेत लोंबतात. घड्याळ "उसनं आणलेलं" दिसतं ते यामुळे.

काही ठरावीक मॉडेलं बघितली तर फरक कळेल. सेकोचं एसकेएक्स ००७ हे जुनं लोकप्रिय मॉडेल व्यासाने सुमारे ४२ मिमी, पण लांबीने साधारण ४६ मिमी. सेकोचंच "टर्टल" व्यासाने जवळपास ४५ मिमी, तरी लांबी ४८च्या आसपास, कारण त्याचे लग आखूड आणि खाली वळलेले आहेत. कॅसिओचं एमडीव्ही-१०६ हे २०० मीटरचं स्वस्तातलं घड्याळ व्यासाने ४४ आणि लांबीने सुमारे ४८.५ मिमी. वर सांगितलेल्या टूनाचे लग तर बाहेरच्या कड्याखाली लपलेले असतात, त्यामुळे त्याची लांबी व्यासापेक्षा वाढत नाही. उलट ४२ मिमीच्या एखाद्या घड्याळाचे लग लांब आणि सरळ असले, तर ते ५० मिमीच्या पुढे जातं आणि ४५ मिमीच्या टर्टलपेक्षा जास्त अवघडल्यासारखं बसतं.

मनगट कसं मोजायचं?

बरेच जण दोरा गुंडाळून मनगटाचा घेर मोजतात. पट्टा किंवा चेन किती लांब हवी हे त्यावरून कळतं, पण घड्याळ बसेल का हे पूर्ण कळत नाही. घेर सारखा असलेल्या दोन भावांपैकी एकाचं मनगट चपटं आणि दुसऱ्याचं गोल असू शकतं. चपट्या मनगटावर मोठं घड्याळ आरामात बसतं, गोल मनगटावर तेच लोंबतं.

म्हणून सपाट भाग मोजा. हात टेबलावर पालथा ठेवा. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे उंच हाड येतं, त्याच्या थोडं मागे, कोपराकडे, घड्याळ बांधायची जागा असते. तिथे पट्टी आडवी ठेवा. मनगट दोन्ही बाजूंनी जिथून खाली उतरायला लागतं, त्या दोन जागांमधलं अंतर मोजा. समजा ते ५० मिमी भरलं. मग ४६ ते ४८ मिमी लांबीचं घड्याळ छान बसेल, ५० म्हणजे अगदी काठावर, आणि ५२ घेऊ नये.

घरात पट्टी नसली तर एटीएम कार्ड चालेल. सगळ्या बँकांच्या कार्डाची आखूड बाजू ५४ मिमी असते. कार्डाची ही बाजू मनगटावर आडवी ठेवा. दोन्ही कोपरे हवेत राहिले, तर ५० मिमीच्या पुढच्या घड्याळाचा विचार करताना दहा वेळा थांबा. त्याहून पक्की खात्री हवी असेल, तर घड्याळाच्या मापाचा पुठ्ठा लगसकट कापा, रबर बँडने हातावर बांधा आणि तासभर घरात वावरा.

तोहफा द्यायचा असेल तर समोरच्याला फोनवर हीच दोन मापं मागा, घेर आणि सपाट रुंदी. आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल तर घरातल्या कुणाला तरी विश्वासात घ्या. वडिलांसाठी घेताना जास्त जपा. वय वाढतं तसं हात बारीक होतो, आणि जड घड्याळ सारखं फिरून आतल्या बाजूला येतं.

जाडी आणि वजन

लांबी जमली तरी दोन गोष्टी उरतात. १२-१३ मिमी जाडीचं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली कसंबसं जातं. १५ मिमीच्या वर गेलं की बटण लावलेली बाही अडकते, आणि शेरवानीच्या घट्ट बाहीत तर ते शिरतच नाही. नवरदेवासाठी घेताना हे आधी बघा.

वजनाचं म्हणाल तर टायटॅनियम स्टीलपेक्षा बरंच हलकं, त्याच आकाराला जवळपास निम्म्याला थोडं वर. मोठं घड्याळ हवंच असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर टायटॅनियम बघा. नाहीतर रबरी पट्टा घ्या, स्टीलच्या चेनचं वजन वाचतं. चेन घेतलीत तर दुकानातच कड्या काढून मापाची करून घ्या. ढिली चेन असली की जड घड्याळ घरंगळतं आणि आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. उन्हाळ्यात आणि दमट हवेत मनगट थोडं फुगतं, म्हणून माप शक्यतो दुपारी किंवा संध्याकाळी घ्या.

सजदा आणि वुजू

आपल्या घरांत एक कसोटी अशी आहे जी कोणतंही दुकान सांगणार नाही. घड्याळ हातात बांधून सजद्याची स्थिती घ्या. तळहात जमिनीवर टेकला की मनगट मागे वाकतं. मोठ्या घड्याळाची चावी तीनच्या आकड्याजवळ असेल, तर ती हाताच्या पाठीत रुततेय का बघा. दिवसातून पाच वेळा टोचणारं घड्याळ महिनाभरही हातावर टिकत नाही. सेकोच्या बऱ्याच डाइव्ह वॉचची चावी चारच्या आकड्याजवळ असते, त्यामुळे ती कमी रुतते.

दुसरी गोष्ट वुजूची. नळाच्या पाण्याने २०० मीटरच्या घड्याळाला काहीच होत नाही. पण सवाल घड्याळाचा नाही, त्याखालच्या जागेचा आहे. हात कोपरापर्यंत धुताना तिथेही पाणी पोहोचलं पाहिजे. मोठं, घट्ट घड्याळ जास्त जागा झाकतं, ते सरकवून काम भागत नाही, काढावंच लागतं. म्हणून दुकानातच एका हाताने काढून-घालून बघा. एका दाबाने उघडणारी चेन सोयीची. जाड रबरी पट्ट्याचं बक्कल रोज पाच वेळा सोडताना कंटाळा येईल का, याचा विचार करा. घड्याळाखालची ओली जागा पुसूनच ते परत बांधा, नाहीतर खाज येते.

आरशात बघा, फोटोत नाही

मोबाइलचा कॅमेरा जवळची वस्तू मोठी दाखवतो. मनगटाचा जवळून काढलेला फोटो बघून चांगलं बसलेलं घड्याळही अवाढव्य वाटू शकतं. त्यासाठी मोठ्या आरशासमोर पाच-सहा फुटांवर उभे राहा, हात सैल सोडा आणि पूर्ण माणूस बघा. लोक आपल्याला तसंच बघतात.

आता आवडीचा भाग. कुणाला मोठं घड्याळ मनापासून आवडतं, आणि त्यात वाईट काही नाही. अंगाने भरलेल्या, रुंद हाडाच्या माणसाला ते शोभतंही. आमचं म्हणणं इतकंच, की लग मनगटाबाहेर लोंबत असतील किंवा चावी रुतत असेल, तर कितीही आवडलं तरी घेऊ नका. या दोन गोष्टी सवयीने सुटत नाहीत. बाकी किंचित जाड, किंचित जड, हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

सुट्टीवर येणाऱ्या भावाला यादी पाठवताना घड्याळाच्या नावापुढे तीन आकडे लिहून पाठवा: मनगटाचा घेर, सपाट रुंदी, आणि घड्याळाची जास्तीत जास्त किती लांबी चालेल. दुकानातल्या माणसाला लांबी माहीत नसेल, तर भावाला म्हणावं, पट्टी घेऊन स्वतः मोज, आणि मगच पैसे दे.