ड्रेसिंगच्या खोलीतला दिवस

पहाटे ५.००

विदर्भातल्या एका मिशन हॉस्पिटलात मी कुष्ठरोग विभागाची परिचारिका आहे. क्वार्टर आवारातच आहे, त्यामुळे पहाट माझी असते. गॅसवर चहा ठेवायचा आणि बायबल उघडायचं. सध्या मार्कचं शुभवर्तमान चालू आहे. बाराव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? त्यानं एकच विचारली होती, येशूनं दोन सांगितल्या. देवावर जिवाभावानं प्रीती करा आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. दोन्ही जुन्या करारातल्या. पहिली अनुवादातली, दुसरी लेवीयातली. त्याच लेवीयाच्या तेराव्या अध्यायात महारोग्यानं वस्तीबाहेर एकटं राहावं असाही नियम आहे. त्या नावाखाली तेव्हा त्वचेचे बरेच आजार येत, असं अभ्यासक सांगतात; झळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या कुष्ठरुग्णांनी सोसली.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात असा एक रोगी येशूपुढे गुडघे टेकतो आणि येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. लूकच्या सतराव्या अध्यायात अशाच दहा जणांना तो दुरूनच याजकाकडे पाठवतो आणि ते वाटेत बरे होतात. म्हणजे हात न लावताही बरं करता येत होतं. तरी त्या एकाला त्यानं हात लावला. माझ्या नोकरीचं सगळं बळ मला त्या एका हातात सापडतं.

डायरीत वॉर्डातल्या माणसांची नावं लिहिलेली असतात. एकेक नाव घेऊन प्रार्थना करते. सकाळी देवापुढे ज्याचं नाव घेतलं, त्याला दिवसा ‘बेड नंबर चार’ म्हणवत नाही.

सकाळी ७.४५

चॅपेलमध्ये दहा-पंधरा मिनिटांची उपासना. ‘उपासना संगीत’मधलं एक गीत होतं, बहुतेक वेळा रेव्हरंड टिळकांचंच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी आमच्या मंडळीला मराठी चालीत गायला शिकवलं, याबद्दल मी रोज मनातून आभार मानते. रुग्णांपैकी ज्याला यावंसं वाटेल तो येतो. न येणाऱ्याची पट्टी काही उशिरा बदलत नाही. ज्या सेवेच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाते, तिला मी सेवा म्हणणार नाही.

सकाळी ८.३०

ओपीडी. आज आईबरोबर एक तरुण आला. दंडावर फिकट चट्टा, खाज नाही, दुखणं नाही. त्याला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक तंतू ठिकठिकाणी टेकवला. जिथं स्पर्श कळेल तिथं बोट ठेवायचं. चट्ट्याच्या कडेपर्यंत बोट बरोबर येत होतं, आत मात्र आलंच नाही. कोपराजवळची नस चाचपली, पापण्या घट्ट मिटायला लावल्या, करंगळी बाजूला न्यायला लावली. ताकद शाबूत होती. डॉक्टरांनी निदान पक्कं केलं.

आईनं पदर तोंडाला लावला. तिला सांगितलं, मावशी, हा आजार १८७३मध्ये हॅन्सननं शोधलेल्या जंतूचा आहे, पापाचा नाही आणि कुणाच्या करणीचाही नाही. चट्टे कमी असले तर गोळ्या सहा महिने, जास्त असले तर बारा महिने. फुकट मिळतात. गोळ्यांनी लघवी लाल होईल, घाबरू नका. उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. त्याचं ताट वेगळं करू नका.

ताटाचं सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

सकाळी १०.००

ड्रेसिंगची खोली. भिंतीलगत बाकडं, बाकड्यापुढे ओळीनं प्लास्टिकचे टब. सगळे पाय साध्या पाण्यात सोडून बसलेले असतात. वीस-पंचवीस मिनिटं भिजल्यावर घट्टे मऊ होतात, मग वजरीनं हलकेच घासायचे आणि ओल्या कातडीवरच खोबरेल लावायचं, म्हणजे ओल आत टिकते. या पायांना घाम येत नाही, कातडी कोरडी पडते, तडकते, आणि भेगेतून जखम सुरू होते.

जंतू औषधानं मरतात, पण मेलेली नस परत येत नाही. नुकतीच अधू झालेली असेल तर स्टिरॉइडनं सावरते, सहा महिन्यांच्या आत आलं पाहिजे. त्यानंतर आयुष्यभर बधिर पाय. माणूस आजारातून बरा झालेला असतो, तरी चुलीवरचं भांडं हाताला भाजतं आणि त्याला कळत नाही. रात्री उंदीर बोट कुरतडतो आणि झोप मोडत नाही. दुखणं नको म्हणून आपण देवाला साकडं घालतो. या खोलीत येऊन पाहा, दुखणं ही देवाची केवढी कृपा आहे ते. वेल्लोरला ज्यांनी वाकड्या बोटांच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या, त्या पॉल ब्रँड यांनी हेच जन्मभर सांगितलं.

आज एक बाबाजी बऱ्याच दिवसांनी आले. मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत राखण करतात. टाचेवर नवी जखम. घाण वास येत होता, म्हणून शेजारचे दोघं सरकून बसले. मी खाली बसले, पाय मांडीवर घेतला. मेलेली कातडी कापली, कडेचा घट्टा छाटला, सलाइननं धुतलं.

“दुखतच नाही ना सिस्टर, मंग पट्टी कायले बांधता?”

“तुम्हाला दुखत नाही म्हणूनच, बाबाजी.”

मग त्यांची चप्पल घेतली. आत हात घालून बोटं फिरवणं हा आमचा नेम आहे, पायाला जे कळत नाही ते बोटांना कळतं. टाचेपाशी टोचलं. बाभळीचा काटा चपलेच्या तळव्यातून आरपार आला होता, टोक पार गुळगुळीत झालेलं. म्हणजे त्या काट्यावर ते किती दिवस चालत होते कोण जाणे. पक्कडीनं काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. बराच वेळ ते बघत राहिले.

त्यांना सांगितलं, रोज रात्री नातवाला म्हणा, माझी चप्पल बघ, तळवा बघ. नातू बघेल का, असं त्यांनी विचारलं. मी नातवाचा मोबाइल नंबर घेतला.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती म्हणजे काय, हे मला प्रवचनांपेक्षा या चपलेनं अधिक शिकवलं. मनात माया दाटून आली नाही तरी चालते. हात घालून बघावं लागतं, रोज, आणि ज्याचा राग येतो त्याच्या चपलेतही. देवावरची प्रीती मी यापासून वेगळी काढू शकत नाही. दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही, तो न दिसणाऱ्या देवावर कशी करणार, हे योहानाच्या पत्रातलं म्हणणं मला शब्दशः पटतं.

दुपारी १.३०

जेवण, मग चप्पल विभागात चक्कर. मऊ मायक्रोसेल्युलर रबर, खाली टायरचा कडक थर, मागे पट्टा, खिळा एकही नाही. पूर्वी या चपला इतक्या ठरावीक दिसत की बाजारात माणूस लगेच ओळखू येई, म्हणून लोक त्या घालतच नसत. आता आमचे कारागीर दुकानातल्यासारख्या बनवतात. नवा रंग निवडायला एक मुलगी अर्धा तास घेते आणि कारागीर तिला घेऊ देतो. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

दुपारी ४.००

गावभेट. कुष्ठरोग झाला म्हणून एका सुनेला माहेरी धाडलं होतं. सासऱ्यांना सांगितलं, २०१९पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरलं जात होतं. आता कायद्यातून ते काढलंय. पाच कायदे बदलले, त्यात हिंदू विवाह कायदा होता आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा १८६९चा घटस्फोट कायदाही. वेदीपुढे सुखदुःखात साथ देण्याचं वचन घेणाऱ्या माझ्या समाजानं ते कलम २००१पासून २०१९पर्यंत चालू दिलं, याची मला लाज वाटते. सासरे ‘पाहू’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात परत जाईन.

संध्याकाळी ६.३०

वॉर्डात डोळ्यांचे थेंब, गोळ्या, नर्सिंगच्या मुलींचे प्रश्न. एकीनं विचारलं, हे काम ख्रिस्ती माणसंच का करतात? तिला दत्तपूरचे मनोहर दिवाण सांगितले, आनंदवनचे बाबा आमटे सांगितले, सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धुणारे गांधीजी सांगितले. प्रीती देवाकडून येते असं मी मानते, म्हणूनच ती कुणाच्याही हातून घडताना दिसली की मला आनंद होतो.

रात्री ९.००

बाबाजींच्या नातवाला फोन लावला. कॉलेजात आहे. यापुढे चप्पल रोज बघेन म्हणाला. काट्याचं ऐकून गप्प झाला, मग पायाला तेल कोणतं लावायचं ते विचारलं.

तुम्हालाही एक सांगायचं आहे. घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर त्या माणसाला या आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. औषध मोफत आहे. त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.