नेहाला कुणी विचारलं का?

‘चश्मे बद्दूर’ न आवडलेली बाई मला तरी अजून भेटायची आहे. टीव्हीवर लागला की गॅसवरची भाजी करपली तरी चालते. सिनेमा १९८१ चा. दिल्लीतली भाड्याची खोली, भिंतीभर नट्यांचे फोटो, एकच सिगारेट तिघांत फिरवणारे सिद्धार्थ, ओमी आणि जोमो, अन् उधारी मागून मागून थकलेले पानवाले लल्लनमियाँ. फारूख शेख, राकेश बेदी, रवी बासवानी, सईद जाफरी. आणि दारोदार ‘चमको’ साबणाची पावडर विकायला येणारी दीप्ती नवल, म्हणजे आपली नेहा!

गोष्ट तशी सगळ्यांना माहीत आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात डोकं घालून बसणारा सिद्धार्थ आणि पोरींच्या मागे हिंडणारे त्याचे दोन रूममेट. हे दोघं पाळीपाळीनं नेहाला पटवायला जातात आणि हात हलवत परत येतात. पण खोलीवर येऊन सांगतात काय, तर ती कशी भाळली, आम्ही कुठं कुठं फिरलो! पुढं तीच नेहा चमकोचा डबा घेऊन दारात उभी राहते, तेव्हा या दोघांची पळता भुई थोडी होते. सिद्धार्थ बिचारा एकटा सापडतो, ती त्याला कपडा धुऊन दाखवते, आणि टूटीफ्रूटी खाता खाता दोघांचं जमतं. ते कळल्यावर ओमी-जोमोचा जीव जळतो. मग त्याच जुन्या थापा ते सिद्धार्थच्या कानात ओततात आणि त्याचं मन नेहावरून उडतं.

इथं मला दरवेळी थांबावंसं वाटतं. इतका शिकलेला मुलगा, पण सरळ तिच्याकडे जाऊन ‘हे खरं आहे का?’ असं विचारत नाही. मित्रांनी सांगितलं, झालं!

सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला तो सई परांजपे यांनी. पुरुषांच्या हातून ही गोष्ट वेगळी झाली असती असं माझं मत आहे. सईताईंनी एक हुशारी केली. ओमी-जोमोच्या थापा त्यांनी अशा रंगवल्या, की हिंदी सिनेमातल्या बागेतल्या प्रेमाचीच खिल्ली उडते. पोरं थापा मारताहेत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळं बघणाऱ्याच्या मनात नेहाबद्दल क्षणभरसुद्धा शंका येत नाही. हसं होतं ते पोरांचं. सईताईंची आई शकुंतलाबाई परांजपे. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याची समाजकार्य करणारी मुलगी त्यांनी केली होती. त्या काळात संततिनियमनाचं काम उघडपणे करणारी ही बाई. लोक काय बोलतात आणि त्याची किती पर्वा करायची, याचा धडा लेकीला घरातच मिळाला असणार.

पण सिनेमातल्या नेहाच्या बाजूनं सगळं थिएटर असतं. आमच्या मौद्यातल्या मुलीच्या बाजूनं कोण असतं?

मौदा हे भंडारा रोडवरचं, कन्हानच्या काठचं गाव. नागपूर पस्तीसेक किलोमीटर. कॉलेजसाठी आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी मुली रोज बसनं नागपूरला जातात. बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं, आणि जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ. सरकारनं पैशाची अडचण बरीच दूर केली, हे मान्य करायलाच पाहिजे. पण पैसा नसताना शिकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि एका थापेपायी घरी बसलेलीही पाहिली.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. बसस्टॉपवरच्या एका मुलाला तिनं नकार दिला. मुलानं मित्रांत बढाई मारली की ती आपल्यासोबत अंबाझरीला आली होती. मित्रांनी पुढं नेलं, पानठेल्यावरून गोष्ट गावात आली आणि आठ दिवसांत मुलीचा पास कपाटात गेला. मी घरी गेले तेव्हा आई म्हणाली, “बाई, पोरगी तशी नाही आमची, मले मालूम हाय. पन गाव म्हनून राह्यलं ना!” बाप तर बोलायलाच तयार नाही. मुलगी कोपऱ्यात गहू निवडत बसली होती. म्हणाली, “काकू, मला तर कोणी विचारलंबी नाही.”

त्या मुलाचं कॉलेज एक दिवसही बुडलं नव्हतं, बरं का!

चार फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी त्या बढाईखोराच्याच एका मित्रानं बापासमोर येऊन सांगितलं की, काका, हा फेकत होता. तेव्हा पास बाहेर निघाला, पण तोवर परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख टळून गेली होती आणि वर्ष गेलं ते गेलंच. मात्र त्या मित्राचं मला कौतुक वाटतं. ओमी-जोमोलाही उपरती होते, पण ते नेहाला पळवून नेण्याचं नाटक रचतात. नाटकाची खरीच भानगड होते आणि सिनेमाला शेवटची पळापळ मिळते. खरं तर ‘आम्ही खोटं बोललो’ एवढ्या तीन शब्दांत काम भागलं असतं. पण मग हसायला काय उरलं असतं, म्हणा!

आणि हो, नको म्हटल्यावरही मुलीचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७८. बसस्टॉपवरच्या हिरोंच्या कानावर हे घातलेलं बरं असतं.

५ एप्रिल २०१३ ला याच नावाचा नवा सिनेमा आला, डेव्हिड धवन यांचा, गोव्यात घडणारा. त्याच दिवशी जुनाही स्वच्छ केलेल्या प्रतीसह पुन्हा थिएटरात लागला. मला जुनाच बरा वाटला. त्यातले ओमी-जोमो टवाळ असले तरी आपल्याच घरातले वाटतात, आणि म्हणूनच जास्त काळजी वाटते.

मध्यंतरी आमच्या बचत गटाच्या बायकांना मी तो लॅपटॉपवर दाखवला. लीला मिश्रांच्या आजीला सगळ्यात जास्त टाळ्या. संपल्यावर मी विचारलं, मैत्रिणींनो, नेहानं सिद्धार्थला माफ करायला पाहिजे होतं का? अर्ध्या म्हणाल्या, करावंच लागते, संसार आहे. एक मात्र ऐकेना. “चांगला हाय पोरगा,” ती म्हणाली, “पन लग्नाच्या आधी तिनं त्याच्याकडून कबूल करून घ्यावं. उद्या कोनी काही सांगितलं तं पहिले मले इचारशीन का?” मग त्यावरच तासभर वाद झाला, आणि त्या दिवशीची हप्त्याची वसुली राहूनच गेली.